सतरा नंबरची रेघ

“ही आमची लाँच असा,” असं म्हणत त्या बाईनं मोबाइल माझ्यासमोर ठेवला, तोही थेट माझ्या उघड्या डब्याला टेकवून. “बघ गो बाय. ही आमचीच.”

मी तोंडातला घास कसाबसा गिळला. जेवणाच्या सुट्टीत कुणाला आत सोडायचं नाही असा आमच्या ऑफिसचा नियम होता, पण ह्या बाईला अडवायची वॉचमनची छाती झाली नसावी. साठीच्या आसपासची, काटक, धुवट निळं लुगडं, मोकळं कपाळ. मागे तिची मुलगी उभी होती, पस्तिशीची, अंगणवाडी सेविकेच्या साडीत, पार ओशाळलेली.

“सॉरी हां मॅडम. मी प्रमिला कोयंडे, आडबंदरची. ही माझी आई, द्वारका. आमच्या मच्छीमार सोसायटीच्या ग्रुपवर तुमच्या नकाशाची लिंक आली होती. तो बघितल्यापासून आई काही ऐकतच नाही.”

आता ह्या नकाशाचं थोडं सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमच्या संस्थेनं १९९३ साली ह्या किनाऱ्यासमोरचा समुद्राचा तळ आवाजानं तपासला होता. जहाजाच्या मागे दोरावर एक लांबट यंत्र ओढायचं, त्याला सगळे ‘मासा’ म्हणायचे. मासा डाव्या-उजव्या बाजूला आवाज सोडतो, तळावर आपटून परत आलेला ऐकतो, आणि वर जहाजात कागदाच्या रोलवर तळाचं चित्र उमटत जातं. दगड काळा, चिखल फिका, वस्तू उंच असेल तर तिच्यामागे सावली. एक रेघ मारायची, मग तिच्या शेजारी दुसरी, मग तिसरी. असे दोनशे अकरा रोल पत्र्याच्या पेट्यांत जवळजवळ वीस वर्षं पडून होते. ते स्कॅन करायचे, प्रत्येक रेघ जागच्या जागी बसवायची आणि इंटरनेटवरच्या नकाशावर कुणालाही घरबसल्या बघता येईल अशी टाकायची, हे काम २०१२ साली माझ्या गळ्यात पडलं.

मी नीलम ढवळे, कराडकडच्या शेतकऱ्याची पोर. समुद्र पहिल्यांदा बघितला तो ह्याच नोकरीच्या मुलाखतीला आले तेव्हा. पण कॉम्प्युटरवर हात चांगला होता, आणि तोंड तर त्याहून चांगलं चालायचं. उद्‌घाटनाच्या आधी महिनाभर आम्ही तो नकाशा मच्छीमार सोसायट्यांना बघायला दिला होता. जाळी कुठल्या खडपावर फाटतात ते त्यांना कळावं, एवढाच हेतू.

मोबाइलवर दिसत होता तो सतरा नंबरच्या रेघेवरचा एक ठिपका. मी तो माझ्या स्क्रीनवर मोठा केला. फिकट चिखलात एक काळा लांबोडा आकार, एका टोकाला निमुळता, आणि बाजूला छोट्या केबिनची चौकोनी सावली. मी माउस धरून लांबी मोजली. तेरा मीटरला थोडी कमी.

“किती इली?” बाईनं विचारलं.

“बेचाळीस फूट.”

“आमची बेचाळीस फूट,” ती म्हणाली आणि समोरच्या खुर्चीवर मटकन बसली.

मग प्रमिलानं सांगितलं. १९९० च्या सप्टेंबरात तिचे वडील, भिकाजी कोयंडे, स्वतःची लाँच घेऊन गेले. बरोबर तीन खलाशी, आडबंदरचेच. परत आलेच नाहीत. वादळ नव्हतं, पाऊस नव्हता, आभाळ स्वच्छ. किनाऱ्याला एक फळकूटसुद्धा लागलं नाही.

“स्वच्छ आभाळात लाँच बुडते कशी, असं लोक म्हणायला लागले. तेव्हा किनाऱ्यावर चोरटा माल उतरायचा, मॅडम. लोकांनी ठरवून टाकलं की भिकाजीनं लाँच विकली आणि त्या तीन पोरांना फूस लावून दुबईला नेलं. पोलीस दोनदा आले घरी. मी तेरा वर्षांची होते. शाळेत पोरं मला ‘दुबई’ म्हणायची.”

“तो पळान जावक नाय,” बाई म्हणाली. आवाज चढला नव्हता. हे वाक्य तिनं इतक्यांदा उच्चारलं असणार की त्यात चढायला काही राहिलंच नव्हतं. “बुडलो तो. माझो घोव माका म्हायती. तेराव्या दिवशी मी माझ्या हातान कुकू पुसलंय.”

त्यावरही गावानं तिला सोडलं नव्हतं. जिवंत नवऱ्याचे दिवस घातले, म्हणजे हिला सगळं ठाऊक आहे, हा कांगावा आहे, असं म्हणायचे. खलाश्यांच्या तिन्ही घरांनी तिच्या उंबऱ्याला पाय लावला नव्हता, तिला आपल्या उंबऱ्याच्या आत घेतलं नव्हतं. बावीस वर्षं.

“माका काय नको, बाय. माका फक्त त्या तिघांच्या घराक दाखवचा असा. तुमचे पोरगे माझ्या घोवान पळवूक नाय, ते तेच्याबरोबर थंयच असत, एवढाच.”

मला भरून आलं. खरं सांगते, त्याच्याबरोबर थोडी फुशारकीही होती. माझ्या नकाशानं हे केलं होतं. मी त्या जागेचे अक्षांश-रेखांश कागदावर लिहून दिले, प्रमिलाला चहा मागवला, द्वारकाकाकीला पाणी दिलं.

काकीनं कागद हातात घेतला, वाचता येत नसूनही निरखला, आणि प्रमिलाकडून जागा समजून घेतली. मग तिच्या कपाळाला आठी पडली.

“पण ही जागा इतक्या दक्षिणेक कशी? थंय नुसतो चिखल. थंय तो कित्याक गेलो आसतलो? तो कायम वर, दिवट्याच्या खडपाकडे. सरंगो मासो थंयच गावता.”

“काकी, माणूस कधी कुठे जाईल ते सांगता येतं का? त्या दिवशी गेले असतील.”

“तुझो नकाशो चुकाचो नाय मां?”

“नकाशा कसा चुकेल? यंत्रानं काढलेला आहे.”

तिनं क्षणभर माझ्याकडे बघितलं आणि मान डोलावली. शिकलेल्या बाईपुढे स्वतःचं म्हणणं तिनं गुंडाळून ठेवलं, आणि मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

दोन आठवड्यांनी, रविवारी, सोसायटीची लाँच निघाली. मालवणहून दोन पाणबुडे बोलावले होते. काकीनं त्या तिन्ही घरांतल्या एकेका माणसाला स्वतः निरोप धाडून बरोबर घेतलं होतं. त्यांनी आपल्या डोळ्यांनी बघावं, हीच तर तिची सगळी धडपड. ते तिघे एका बाजूला बसले होते, तिच्याशी एक अक्षर न बोलता. मीही गेले होते आणि बंदर सोडल्यापासून ओकत होते. काकीच्या मांडीवर नारळ होता. तिनं हळदीकुंकू वाहून आणलेला.

“ह्या बायेन शोधल्यान,” ती त्या तिघांना माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली. कुणी वळून बघितलं नाही.

जागा बरोबर गाठली. लाँचवरच्या जीपीएस यंत्रात अगदी शेवटच्या आकड्यापर्यंत जुळली. पंधरा वाव, म्हणजे नव्वद फूट पाणी. पाणबुडे खाली गेले, अर्ध्या तासानं वर आले. चिखल. पुन्हा गेले, दोर बांधून गोल फिरले. चिखल. तिसऱ्यांदा लोखंड हुडकायचं यंत्र घेऊन गेले.

“काय नाय,” तोंडावरचा मुखवटा काढत त्यातला एक म्हणाला. “एक खिळासुद्धा नाय.”

“वीस वर्षांत चिखलात रुतली असेल,” मी म्हटलं.

“रुतली असती तर यंत्र बोललं असतं, मॅडम. खाली इंजिन असेल ना एवढं मोठं.”

काकी काठाला धरून पाण्याकडे बघत राहिली. मग त्या तिघांतला एक, खलाशी सदा टिकम ह्याचा भाऊ, उठून तिच्यासमोर आला. बावीस वर्षांत तो पहिल्यांदा तिच्याशी बोलत असावा.

“झाला समाधान? आता तरी कबूल कर, वयनी. तुझो घोव आमच्या सदाक घेऊन गेलो.”

काकीनं पाण्यात सोडायला आणलेला नारळ तसाच पदरात गुंडाळून परत आणला. बंदरावर उतरताना मी तिचा हात धरायला गेले, तर उलट तिनंच मला धरलं, कारण माझे पाय लटपटत होते.

“मी परत बघते, काकी,” मी म्हटलं.

“बघ हां,” ती म्हणाली.

बुधवारी आमचे घैसास सर शनिवारच्या भाषणाची तयारी करत होते. शनिवारी मंत्री येणार होते, कळ दाबणार होते, आणि नकाशा सगळ्या जगाला खुला होणार होता. १९९३ साली घैसास सर त्या जहाजावर नवखे तंत्रज्ञ होते, हे त्यांनी मला शंभरदा सांगितलं असेल. त्या दिवशी एकशे एकाव्यांदा सांगत होते.

“जानेवारीत उत्तरेकडून अशा लाटा यायच्या ढवळे, की विचारू नकोस. दक्षिणेकडे जायला लागलो की लाट पाठीमागून यायची आणि मासा नुसते हिसके खायचा. चित्र फाटायचं. मग कप्तान म्हणाला, जाऊ दे, एकाच बाजूनं काम करू. दक्षिणेकडून उत्तरेकडे रेघ मारायची आणि येताना मासा वर ओढून रिकामं परत यायचं. निम्मा वेळ आम्ही पत्ते खेळत होतो.”

“रिकामं परत यायचं?” मी विचारलं.

“मग! सगळा तो आठवडा तसाच गेला.”

मला एक पान आठवलं.

सतरा नंबरच्या रेघेचं जहाजावरच्या वहीतलं पान वाळवीनं खाल्लं होतं. रेघेच्या दोन टोकांच्या जागा तेवढ्या वाचता येत होत्या, पण जहाज कुठल्या टोकाकडून निघालं ते गेलं होतं. सोळावी रेघ दक्षिणेकडून उत्तरेकडे. अठरावी दक्षिणेकडून उत्तरेकडे. मधली सतरावी. मी शेतकऱ्याची पोर. आमच्या रानात नांगर बांधापर्यंत जातो, बैल वळतात आणि शेजारचं दुसरं तास, म्हणजे नांगराची रेघ, ओढत परत येतो. रिकामा नांगर खांद्यावर टाकून परत चालत येणारा माणूस मी जन्मात बघितला नव्हता. मी डोकंसुद्धा खाजवलं नव्हतं. सतराच्या समोर ‘उत्तरेकडून दक्षिणेकडे’ असं लिहून मोकळी झाले होते.

सर भाषण वाचत बसले आणि मी माझ्या खोलीत आले. सतराव्या रेघेच्या चित्राची सगळी पट्टी उलटी फिरवली. डावं उजवीकडे गेलं, वरचं टोक खाली आलं. कुठल्यातरी मोठ्या जहाजाचा नांगर तळावरून घासत गेल्याची एक तिरकी चरी सोळाव्या आणि अठराव्या रेघेवर होती. सतरावर ती भलतीकडेच तुटलेली दिसायची, आणि ती दुसरी कुठली तरी असेल म्हणून मी सोडून दिली होती. पट्टी फिरवल्याबरोबर ती चरी तिन्ही रेघांवर एकसंध जुळली. आणि तो काळा लांबोडा आकार सात किलोमीटरच्या रेघेवर चार किलोमीटर वर सरकला. मी कोळ्यांचा जुना नकाशा शेजारी उघडला. दिवट्याचं खडप तिथून अर्ध्या किलोमीटरवर होतं.

मी तशीच सरांकडे गेले आणि सगळं सांगितलं.

सरांनी चष्मा काढला. वाईट माणूस नव्हे हो, अजिबात नव्हे.

“आणखी कुठल्या रेघा अशा आहेत?”

“ह्या एकाच पानाला वाळवी लागली होती. बाकी सगळ्या तपासल्यात.”

“हे आता बाहेर गेलं ना ढवळे, तर पहिला प्रश्न हाच येणार. बाकीच्या कशावरून बरोबर? मंत्री येणार नाहीत. वर्षभराचं काम पेटीत परत जाईल.” त्यांनी चष्मा परत लावला. “शनिवार होऊन जाऊ दे. सोमवारी सकाळी माझी जीप घे, स्वतः जा आणि सांग त्यांना. रेघही सोमवारी दुरुस्त करू. बावीस वर्षं थांबल्यात त्या. चार-पाच दिवसांनी काय मोठं बिघडणार आहे?”

मला सुटल्यासारखं झालं. हे मी कुणाला कधी सांगितलं नाही, पण झालं खरं. सरांनी काही माझे हात बांधले नव्हते. प्रमिलाचा नंबर माझ्याकडे होता, फोन माझ्याच पर्समध्ये होता. पण शनिवारी माझे आई-वडील कराडहून येणार होते. निमंत्रणपत्रिकेवर माझं नाव छापलं होतं, आणि वडिलांनी नवा फेटा घेतला होता. मला तो शनिवार हवा होता.

गुरुवारी दुपारी प्रमिलाचा फोन आला. मी स्क्रीनकडे बघत बसले. वाजून वाजून थांबला. दहा मिनिटांनी परत आला. मी तो पालथा घातला.

शनिवारी सगळं थाटात झालं. पडद्यावर समुद्राचा तळ उलगडत गेला, टाळ्या पडल्या, सतरा नंबरची रेघही त्यात होती, उलटीच. वडील पहिल्या रांगेत बसले होते. नंतर चहाच्या टेबलापाशी त्यांनी मला बाजूला घेतलं.

“नीले, हे एवढं सगळं पाण्याखालचं. हे जागच्या जागीच असतंय ना?”

“असतंय की,” मी म्हटलं. त्यांनी माझ्या पाठीवर हात फिरवला.

सोमवारी सकाळी नऊला मी आडबंदरला पोचले. काकीचं घर खाडीच्या तोंडाशी, अंगणात सुकत घातलेली जाळी. प्रमिला अंगणवाडीत जायला निघाली होती, मला बघून थबकली.

“मॅडम? मी गुरुवारी तुम्हाला दोनदा फोन केला होता.”

“मीटिंगमध्ये होते गं. राहूनच गेलं,” मी म्हटलं. “काकी कुठेत?”

प्रमिलानं नुसती मान घराकडे केली. मी आत गेले. काकी चुलीपाशी बसली होती. तिनं वर बघितलं आणि मी दारातच उभी राहिले. तिच्या कपाळावर कुंकू होतं. ठसठशीत, बंद्या रुपयाएवढं.

“ये गो,” ती म्हणाली. मी बघतेय ते तिच्या लक्षात आलं, आणि तिनं मान खाली घातली. “काय करूचा? जितो असा तर लावक व्हया मां. बावीस वर्सां मी तेका मारून ठेयलंय. पाप केलंय.”

“काकी...”

“शुक्रारी तिघांच्याय घराक गेलंय. उंबऱ्याभायर उभी ऱ्हवलंय. पायार डोकां ठेयलंय एकेकाच्या. म्हटलंय, माझ्या घोवान तुमचे पोरगे नेले, मी खोटा बोललंय, माका माफ करा.”

“आई जाऊ नये म्हणून मी तुम्हाला फोन करत होते,” प्रमिला माझ्या मागून म्हणाली. “म्हटलं, मॅडमना एकदा विचारून बघू, जागेत काही फरक असेल तर. नंतर ती ऐकेना.”

मी तिथेच जमिनीवर बसले. कसं सांगायचं ते मी जीपमध्ये घोकत आले होते, त्यातला एक शब्द आठवेना.

“काकी, तुम्ही खोटं नाही बोललात. चूक माझी झाली. रेघ मी उलटी लावली होती. लाँच आहे. चार किलोमीटर वर आहे, उत्तरेला. दिवट्याच्या खडपाजवळ.”

हातातली फुंकणी तिनं हळूच खाली ठेवली.

“दिवट्याच्या खडपाकडे,” ती म्हणाली.

“हो.”

“मी सांगलेलंय तुका.”

“हो, काकी. तुम्ही सांगितलं होतं.”

मला वाटलं, आता ही मला झोडपून काढील, आणि मला ते हवंही होतं. पण ती नुसती हलायला लागली, बसल्या जागी पुढेमागे. मग तिनं पदराचं टोक घेऊन कपाळावरचं कुंकू पुसलं. पुसता पुसता ते कपाळभर पसरलं, भुवईत गेलं, आणि ती रडायला लागली. बाईमाणूस नवऱ्याला गेल्या घडीला रडतं तशी, मोठ्यानं, त्याचं नाव घेऊन. प्रमिलानं तिला धरलं आणि तीही रडायला लागली. त्या दोघींसमोर मी मांडी घालून बसून होते.

पुढचं आधीच सांगून टाकते. त्याच वर्षीच्या डिसेंबरात पाणबुडे त्या जागेवर उतरले. लाँच तिथेच होती, आणि इंजिनावरचा नंबर सोसायटीच्या रजिस्टरातला होता तोच निघाला. बाजूची फळी फुटलेली होती, मोठ्या जहाजाची धडक बसली असावी असं ते म्हणाले. तेव्हा भिकाजी कोयंड्यांचं नाव साफ झालं. पण मी सांगतेय ते त्या सोमवारचं.

काकी बऱ्याच वेळानं शांत झाली. तोंड धुऊन आली, माझ्यासमोर बसली आणि माझी हनुवटी वर केली.

“कधी कळला तुका?”

प्रमिला दाराला टेकून उभी होती.

“काल,” मी म्हटलं.

काल रविवार होता, ऑफिसला कुलूप होतं. काकीला ते कुठून माहीत असणार! प्रमिलानं माझ्याकडे बघितलं, आणि मग ती बाहेर जाळ्याकडे बघायला लागली.

“काल कळला नि आज इलंस?” काकीचे डोळे परत भरले. “इतक्या लांबसून? माझी बाय ती.” तिनं दोन्ही हातांनी माझ्या तोंडावरून हात फिरवले आणि बोटं मोडली. “ऊठ. चल माझ्याबरोबर.”

“कुठे?”

“शुक्रारी जंय गेलंय थंय.”

माझा हात तिनं सोडलाच नाही. वाडीतून ती मला जवळजवळ ओढतच घेऊन चालली होती. पहिलं घर टिकमांचं. लाँचवर तिच्या अंगावर आलेला तो भाऊ जाळं विणत बसला होता. काकीनं उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, आणि शेवटी मला पुढे केलं. “हिका विचार. ह्या बायेक काल कळला, आज धावत इली.” त्याच्या हातातली विणायची सुई थांबली. त्यानं मला काही विचारलं नाही. “बस, वयनी,” म्हणाला आणि खाटेवरचं जाळं बाजूला केलं. काकी बसली नाही, अजून दोन घरं राहिली होती.

दुसऱ्या घरात खलाश्याची बायको होती, आता केस पिकलेली. ती काकीच्या गळ्यात पडली. दोघी विधवा बाया उंबऱ्यावर रडत होत्या आणि मी अंगणात उभी होते. “काल कळला हिका,” काकी हुंदक्यांतून तिला सांगत होती, “आणि आज बघ, धावत इली.” त्या बाईनं मला आत बोलावून गूळपाणी दिलं. मी ते प्यायले.

तिसरं घर मोंडकरांचं. वसंत मोंडकर नव्वदीला आलेले, दिसायचं कमी झालेलं, पडवीत खुर्चीवर बसलेले. त्यांचा उमेश त्या लाँचवरचा सगळ्यात लहान, एकोणीस वर्षांचा. काकी त्यांच्या पायाशी बसली आणि तिसऱ्यांदा सगळं सांगितलं. लाँच मिळाली, दिवट्याच्या खडपाकडे असा, चौघेय थंयच असत, माझ्या घोवान तुमच्या उमेशाक नेवक नाय.

म्हातारा ऐकत होता. मला वाटलं, त्याला नीट ऐकू आलं नसावं.

“म्हणजे उमेश बुडलो,” तो म्हणाला.

“होय, भावोजी.”

“शुक्रारी तू इलंस तेवा म्हटलंस, बुडाक नाय.” तो खुर्चीत पुढे सरकला. “तेच्यानंतर मी झोपाक नाय. तीन राती. म्हटलां, म्हणजे पोरगो खंयतरी जितो असा. एकेचाळीस वर्सांचो झालो आसतलो आता. पोरांबाळां आसतली तेका. मी नावांय शोधलंय तेंका.”

म्हाताऱ्यानं मान वळवली आणि त्याचे ते पांढुरके डोळे मी होते त्या बाजूला लावले.

“मगे तू शुक्रारीच कित्याक नाय सांगलंस गो?”

काकीनं माझा हात घट्ट धरला, आणि माझ्या आधी तीच बोलली.

“तिका नको बोलू, भावोजी. तिचो काय दोष? तिका काल कळला. काल कळला नि आज धावत इली.”